जुन्या घराच्या खिडक्या : बदलायच्या की दुरुस्त करायच्या? (लष्कर, ग्वाल्हेर)

कोनाडा | १२ फेब्रुवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज घरातल्या धुसफुशीमुळे धागा काढतेय.

आमचं घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, जनकगंजच्या बाजूला. आजेसासऱ्यांनी बांधलेलं, नव्वदीला टेकलेलं. खालचा मजला दगड-चुन्याचा, भिंती हातभर रुंद, वर पटियांचं (लांब दगडी फरश्यांचं) छत. वरचा मजला नंतरचा, विटांचा. खिडक्या एकूण अकरा. चार रस्त्याकडे, म्हणजे पश्चिमेला, तीन चौकात उघडणाऱ्या, दोन बोळाकडे, शिवाय स्वयंपाकघराची एक आणि न्हाणीघराची एक. सगळ्या साधारण तीन बाय पाच फुटांच्या. खाली दगडी चौकटी, त्यांतच रोवलेले गज आणि आतून सागवानी दारं. दारांच्या खालच्या अर्ध्यात फळी, वर तावदानं.

त्रास असा. मे-जूनमध्ये पश्चिमेच्या खोल्या भट्टी होतात. आंधी आली की गादीवर बोटाने नाव लिहिता येतं. लग्नसराईत रात्री बारापर्यंत रस्त्यावरून वराती. पावसाळ्यात दारं फुगतात आणि लाथ मारल्याशिवाय मिटत नाहीत. जानेवारीत धुकं पडतं तेव्हा फटींतून असा वारा येतो की सासूबाई खिडकीच्या कडेला जुनी पातळं कोंबून ठेवतात.

मागच्या आठवड्यात एका दुकानदाराला बोलावलं. त्याचा भाव: यूपीव्हीसीच्या (कडक प्लास्टिकच्या) सरकत्या खिडक्या, जाळीसकट, ८०० रुपये चौरस फूट. दुहेरी काच हवी तर वर २५०. अकरा खिडक्यांचे १६५ चौरस फूट. दुहेरी काच आणि १८ टक्के जीएसटी धरून २,०४,४३५ रुपये. जुनं काढणं, तोडफोड भरणं आणि नव्या ग्रिल यांचे ४५,००० वेगळे. म्हणजे अडीच लाख. वर म्हणाला, "मॅडम, बिजली का बिल चालीस परसेंट कम हो जाएगा."

यजमान तयार आहेत. सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला, "मग कूलर कुठे लावणार?" आणि उत्तर न ऐकताच जप करायला बसल्या. मी अधांतरी. कुणी जुन्या घराच्या खिडक्या बदलल्या असतील तर खरा अनुभव सांगा. दुकानदाराचा नको, तो ऐकून झालाय.

पटियावाला | १२ फेब्रुवारी, रात्री १०:०५

फोटो टाका ताई, दगडी चौकटीचा जवळून. आणि तो माणूस जुन्या खिडक्या फुकट उचलून नेतो म्हणाला का?

कोनाडा | १२ फेब्रुवारी, रात्री १०:११

हो! "मलबा हम ले जाएंगे, आप चिंता मत करो." तुम्हाला कसं कळलं?

पटियावाला | १२ फेब्रुवारी, रात्री १०:२०

कारण माझाही असाच मलबा नेला होता. बावीस झडपा जुन्या सागाच्या. चार महिन्यांनी एका हॉटेलात त्यातली दोन दारं भिंतीवर शोभेला टांगलेली दिसली, निळा रंग आणि मधला तडा यावरून ओळखली. जुना साग मुरलेला असतो, नव्या लाकडासारखा वेडावाकडा होत नाही. त्याला गिऱ्हाईक आहे. काढायच्याच असतील तर आधी लाकडाचा भाव करा आणि तो कोटेशनमधून वजा करायला लावा. मी तेव्हा वर त्याला चहा पाजला होता.

हिशेबनीस | १३ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

सकाळी सकाळी आकडेमोड केल्याशिवाय मला चहा जात नाही, तेव्हा घ्या.

कोनाडाताई, एसी किती? एकच असावा असं धरतो (चुकलं तर सांगा). दीड टनाचा इन्व्हर्टर एसी कडक उन्हाळ्यात तासाला सरासरी १ युनिट. दिवसाला ८ तास, १२० दिवस, म्हणजे ९६० युनिट. सगळे आकार धरून ७ रुपये युनिट पकडलं तर वर्षाचे ६,७२० रुपये. दुकानदाराचे ४० टक्के डोळे मिटून मान्य केले तरी वाचतात २,६८८. अडीच लाख भागिले २,६८८ म्हणजे ९३ वर्षं.

मला ४० पटत नाही. २० टक्के धरले तर १८६.

कूलरचा खर्च यात नाही, कारण खिडकी बदलून कूलरचं बिल कमी होत नाही. पंपाला आणि पंख्याला काच कुठली आहे ते काय ठाऊक.

मनमोकळी | १३ फेब्रुवारी, सकाळी ८:०२

घर नव्वदीचं, वसुली त्र्याण्णवीची. नातसुनेला सांगून ठेवा.

नई_सडक | १३ फेब्रुवारी, सकाळी ९:१५

हिशेबनीसकाका, झोपेचं बिल कुठल्या मीटरवर येतं?

आमचं घर हमरस्त्यावर. खाली दुकानं, समोर टेम्पोंचा थांबा. वडिलांना रक्तदाबाचा त्रास, रात्री अडीचला ट्रक उतरवताना फळी आपटली की दचकून उठायचे. तीन वर्षांपूर्वी रस्त्याकडच्या तीन खिडक्या बदलल्या. वीज वाचली का ते पाहिलंही नाही. पहिल्या रात्री आम्ही सगळे उठून बसलो, कारण घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

पण एक सांगते, सरकती खिडकी घेऊ नका. तिच्या दोन झडपा एकमेकींवरून सरकतात, त्यामुळे मध्ये ब्रशसारखी लव असते. त्या लवेतून आवाजही येतो, धूळही. कप्पा असलेल्या, म्हणजे दारासारख्या उघडणाऱ्या खिडकीला चारी बाजूंनी रबर असतं आणि मूठ फिरवली की झडप त्या रबरावर दाबली जाते. शांतता तिथून येते. काच आम्ही लॅमिनेटेड घेतली. दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असतो, तो कंप गिळतो, आणि फुटली तरी तुकडे खाली पडत नाहीत.

शेजाऱ्यांनी आमचं बघून स्वस्तातली सरकती केली. आता आंधीनंतर रुळातली माती टूथब्रशने काढतात. रुळाच्या तळाशी पाणी जायला बारीक भोकं असतात, ती बुजली की पावसाचं पाणी उलटं घरात.

ऊन_सावली | १३ फेब्रुवारी, दुपारी १२:४०

वास्तुकलेची मास्तरकी करते, त्यामुळे लांबण लागली तर सोसा.

"खिडकी गरम होते" या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. एक, बाहेरच्या गरम हवेची ऊब काचेतून आत झिरपते. दोन, ऊन थेट काचेतून आत शिरतं आणि फरशी, पलंग, भिंत तापवतं. दुहेरी काच पहिल्यावर औषध आहे, दुसऱ्यावर जवळजवळ नाही.

तुमच्या एका खिडकीचं क्षेत्रफळ साधारण १.४ चौरस मीटर. सगळी काच आहे असं समजा. साध्या एकेरी काचेतून दर चौरस मीटरला, दर अंश फरकाला सुमारे ५.८ वॅट उष्णता जाते, साध्या दुहेरीतून सुमारे २.८. बाहेर ४४, आत २८, म्हणजे फरक १६ अंश. एकेरीतून १३० वॅट, दुहेरीतून ६३. वाचले ६७ वॅट, एका छताच्या पंख्याएवढे.

आता ऊन. मे महिन्यात दुपारी चार-साडेचारला पश्चिमेच्या भिंतीवर चौरस मीटरला सहाशे वॅट सहज पडतात. साधी एकेरी काच त्यातले ८० टक्के आत सोडते, म्हणजे पावणेसातशे वॅट. साधी दुहेरी काचसुद्धा ७० टक्क्यांच्या आसपास सोडते. इस्त्री चालू ठेवून खोलीत बसल्यासारखं आहे ते. दुहेरी काच लावली म्हणून इस्त्री बंद होत नाही, जरा मंद होते एवढंच.

इस्त्री बंद करायची तर ऊन काचेच्या बाहेरच अडवायला हवं. छज्जा, झिलमिली, बांबूची चीक (गुंडाळता येणारा पडदा), वाळ्याची ताटी. आतला पडदा उपयोगाचा नाही असं नाही, पण तोवर ऊन घरात आलेलं असतं, पडदा तापतो आणि खोलीला तापवतो. पश्चिमेला नुसता छज्जाही पुरत नाही, कारण संध्याकाळचं ऊन तिरपं, छज्ज्याखालून आत येतं. तिथे उभा आडोसाच हवा. बाहेरून लावलेली दोन हजारांची चीक या बाबतीत पन्नास हजारांच्या काचेला मागे टाकते.

ऊन अडवणारी काचही मिळते, लेप दिलेली. ती २५ ते ४० टक्केच आत सोडते. पण ती जानेवारीतही अडवते, आणि ग्वाल्हेरच्या जानेवारीत पश्चिमेचं ऊन कुणाला नको असतं?

तुमच्या आजेसासऱ्यांची खिडकी तर दुपारी दारं मिटायची, संध्याकाळी उघडायची अशी बेतलेली आहे. अर्धी फळीच आहे. तुम्ही दुपारी दारं मिटता का?

कोनाडा | १३ फेब्रुवारी, दुपारी १:३०

मिटतच नाहीत ना! फुगून वाकडी झालीत, वरची कडी कोयंड्यात बसत नाही. म्हणून उघडी, आणि आतून जाड पडदा.

एसी एकच आहे, हिशेबनीसकाका बरोबर. वरच्या खोलीत, तिथे दोन खिडक्या. बाकी सगळं कूलरवर.

गोठकर | १३ फेब्रुवारी, दुपारी ४:१०

सासूबाईंचा प्रश्न कुणी घेतलाच नाही, म्हणून मी घेतो. वय ७४, चिटणीस की गोठमध्ये जन्म गेला, कूलर या विषयावर अधिकाराने बोलतो.

कूलर हवा आत ढकलतो. ती हवा ओली असते. ती दुसरीकडून बाहेर गेली तरच नवी कोरडी हवा गवतातून येते आणि गारवा टिकतो. बाहेर जायला वाट नसेल तर तासाभरात खोलीचं न्हाणीघर होतं. म्हणून आमच्याकडे कूलर एका खिडकीत आणि समोरची खिडकी चार बोटं उघडी, हा नियम. घट्ट बंद होणाऱ्या खिडक्या आणि कूलर यांचं जमत नाही.

पुतण्याने नव्या फ्लॅटात सगळीकडे सरकत्या लावल्या. कूलर बाहेरच्या स्टँडवर ठेवला तर तोंड अर्ध्या खिडकीत मावतं, उरलेल्या जागेत थर्माकोल चिकटवून ठेवलंय. सत्तर हजारांच्या खिडकीला थर्माकोल. मी काही बोललो नाही. बायकोने डोळे वटारले होते.

पावसाळा लागला की कूलर निरुपयोगी, ते वेगळं. पण नौतपा (मेअखेरचे नऊ भाजके दिवस) कूलरवरच काढायचा असेल तर निदान दोन खिडक्यांना हात लावू नका.

सुतारपक्षी | १३ फेब्रुवारी, रात्री ८:५५

लाकडाचं काम करणाऱ्या घरातला आहे, आता स्वतः यूपीव्हीसीही बसवतो. म्हणजे दोन्ही डगरींवर पाय.

कोनाडाताईंनी टाकलेले फोटो पाहिले. दगडी चौकट अखंड आहे, गज दगडात शिसं ओतून बसवलेत. ती चौकट काढायला जाऊ नका. वरचा दगडी पाट कशावर टेकलाय ते उघडल्याशिवाय कळत नाही, आणि हातभर भिंतीत छिन्नी मारली की सांध्यांतला चुना निघतो तो निघतच राहतो.

चौकट ठेवून तिच्या आत नवी खिडकी बसवायची म्हटलं तर असा हिशेब होतो. सरकत्या यूपीव्हीसीची बाहेरची चौकट आणि झडपेची चौकट मिळून प्रत्येक बाजूला सुमारे चार इंच खातात. ३६ बाय ६० इंचांच्या भोकात उरतात २८ बाय ५२. म्हणजे उजेडाचा तिसरा हिस्सा गेला. त्यातही सरकती खिडकी अर्धीच उघडते. आज जी खिडकी सताड उघडते, ती उद्या एक तृतीयांश उघडेल. दुकानदार हे सांगणार नाही, कारण तो चौरस फूट बाहेरून बाहेर मोजतो.

घ्यायच्याच असतील तर पुढच्या गोष्टी विचारा. प्रोफाइलच्या, म्हणजे चौकटीच्या प्लास्टिक नळीच्या, आत गॅल्व्हनाइज्ड लोखंडी पट्टी आहे का? कापलेला तुकडा दाखवायला सांगा. मी बदललेल्या कित्येक खिडक्या आतून पोकळ निघाल्या, म्हणून झडपा लोंबल्या होत्या. रंग पांढरा घ्या. लाकडी रंगाची छाप सुंदर दिसते, पण गडद रंग आमच्या उन्हात फार तापतो, आणि हे प्लास्टिक तापलं की लाकडापेक्षा किती तरी जास्त वाढतं. दीड मीटरच्या पट्टीत ४० अंशांच्या फरकाला जवळजवळ चार मिलिमीटर. बसवणाऱ्याने कडेला जागा सोडली नाही तर मे महिन्यात मूठ फिरणार नाही. दगडाला लागून सिलिकॉन भरायचं ते न्यूट्रल. व्हिनेगरसारखा वास येणारं दगडाला नको. भिंत भरायची ती चुन्यानेच. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचं ठिगळ लावलं की ओल आत अडकते आणि दोन पावसाळ्यांत पोपडे.

तुमच्या खिडक्यांचं लाकूड मला ठणठणीत दिसतंय. वाकडी झालीत त्याचं कारण दोन फोटोंत उघड आहे: दारांच्या डोक्याच्या आणि पायाच्या कडांना कधी रंगच लागलेला नाही. सगळे रंगारी समोरून फासतात. लाकूड पाणी पितं ते त्या कडांतून.

दुरुस्ती करायची तर आत्ता, फेब्रुवारी-मार्चात. पावसाळ्यात फुगलेलं दार रंध्याने तासू नका, उन्हाळ्यात तिथे बोट जाईल एवढी फट पडते. आत्ता कोरडं असताना जाड पुठ्ठ्याएवढी जागा सोडून तासायचं, खिळखिळ्या सांध्यांत नवी पाचर ठोकायची, बिजागऱ्या पितळी किंवा स्टीलच्या, कडांना आधी अळशीचं तेल, मग रंग. तावदानांची वाळून पडलेली लांबी (काच बसवायची पुटी) खरवडून नवी भरायची. आणि दार जिथे चौकटीला टेकतं तिथे चिकटपट्टीचं रबर. शेवटचं काम तुम्ही स्वतः कराल, दोनशे रुपयांत.

हिशेबनीस | १३ फेब्रुवारी, रात्री ९:२०

दुकानदार बाहेरून बाहेर मोजतो हे माहीत नव्हतं. नोंद केली.

ग्वाल्हेरीण_दिल्लीत | १३ फेब्रुवारी, रात्री १०:३०

सगळे जुनं ते सोनं म्हणायला लागलेत म्हणून विरुद्ध बाजू मांडते. माझ्या माहेरच्या खिडक्यांची दुरुस्ती दर तीन वर्षांनी होत होती. सुतार मिळत नाही, मिळाला तर येत नाही, आला तर चहा पिऊन "सामान लाना पड़ेगा" म्हणून जातो. आई पंचाहत्तरीची, एकटी. तिने सुताराच्या मागे फिरायचं का? बदलून टाकल्या. कापड मारलं की स्वच्छ. या निवांतपणाचे पैसे आम्ही आनंदाने दिले.

सुतारपक्षी | १३ फेब्रुवारी, रात्री १०:४१

मान्य. सुताराची अडचण खरी आहे, आमच्याच घरातली पुढची पिढी मोबाइलच्या दुकानात बसते.

तानसेनप्रेमी | १४ फेब्रुवारी, सकाळी ८:१५

खिडक्यांवर इतकी चर्चा आणि मुहम्मद घौस यांच्या मकबऱ्याचं नाव नाही? तानसेनच्या समाधीशेजारीच आहे. सोळाव्या शतकातल्या त्या दगडी जाळ्या बघा. भर दुपारी आत उभं राहिलं की ऊन चाळणीतून गाळल्यासारखं पडतं आणि वाऱ्याची झुळूक मात्र येते. काच नाही, रबर नाही, लोखंडी पट्टी नाही.

मनमोकळी | १४ फेब्रुवारी, सकाळी ८:३०

आणि आंधीत? घौससाहेबांना गादी झटकायची नसते.

तानसेनप्रेमी | १४ फेब्रुवारी, सकाळी ८:३४

निरुत्तर.

बडोद्याची_सून | १४ फेब्रुवारी, सकाळी ११:००

माहेर ग्वाल्हेर, सासर बडोदं, दांडिया बाजारात. आमच्याकडे गणित निराळं. हवा दमट, वाळवी भयंकर. खिडकीची चौकट बाहेरून रंगवलेली, छान दिसायची, एक दिवस मुलगा टेकून बसायला गेला तर बोट आत गेलं. आत नुसती माती. तिथे दुरुस्त करायला लाकूडच उरलं नव्हतं, म्हणून बदललं, आणि पश्चात्ताप नाही. तुम्ही निर्णय घ्यायच्या आधी चौकटी आणि झडपा पेचकसाच्या दांड्याने ठोकून पाहा. भरीव आवाज आला तर सुतार बोलवा, पोकळ आला तर दुकानदार.

डॉक्टरीणबाई | १४ फेब्रुवारी, दुपारी ३:२०

एक गोष्ट निक्षून सांगते. न्हाणीघरात गॅस गिझर असेल तर त्या खिडकीला हात लावू नका. जुन्या घरांत फटींमुळे हवा खेळती राहते, लोकांना वाटतं आपल्याला काही होत नाही. खिडक्या घट्ट केल्या की तेच गिझर कार्बन मोनॉक्साइडने माणूस मारू शकतं. या वायूला रंग नाही, वास नाही. अंघोळीला गेलेलं माणूस दार वाजवूनही उघडत नाही, तेव्हा कळतं. थंडीत खोलीत कोळशाची शेगडी घेऊन झोपणाऱ्यांनाही तेच. गिझर न्हाणीघराच्या बाहेर लावा, किंवा विजेचं घ्या.

दुसरं, जुना रंग कोरडा घासू नका. घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाखांत ९० भाग) झाली ती २०१७ पासून. तुमच्या दारांवरचे थर त्याच्या कितीतरी आधीचे. पाणी मारून खरवडा, तोंडावर मास्क, आणि त्या दिवसांत लहान मुलं दुसरीकडे.

कोनाडा | १४ फेब्रुवारी, रात्री ९:५०

गॅस गिझरच आहे. आत. हे वाचून यजमान उठून न्हाणीघरात गेले आणि उगाच खिडकी उघडून आले.

पेचकसाने अकराही खिडक्या ठोकल्या. सासूबाई म्हणाल्या, "आता घराची नाडी बघताय?" दहा भरीव. बोळाकडच्या एकीची खालची फळी पोकळ.

ऊन_सावली | १४ फेब्रुवारी, रात्री १०:१५

छान. सरकत्यांचा विचार अजून असेल तर अजून एक माप. २०१८ च्या इको निवास संहितेत (घरांच्या ऊर्जाबचतीची सरकारी नियमावली), ग्वाल्हेरसारख्या संमिश्र हवामानात, उघडणाऱ्या खिडक्या घराच्या चटईक्षेत्राच्या साडेबारा टक्के तरी असाव्यात असं आहे. नियम मोठ्या नव्या इमारतींसाठी आहे, तुमच्यावर बंधनकारक नाही, पण अंदाजाला चांगला. बारा बाय चौदाची खोली म्हणजे १६८ चौरस फूट, त्याला २१ हवेत. आज तुमच्या दोन खिडक्या ३० देतात. सुतारपक्षींच्या हिशेबाने सरकत्या लावल्यावर दोन्ही मिळून १० मिळतील.

नई_सडक | १४ फेब्रुवारी, रात्री १०:२२

मग कप्प्याच्या घ्या म्हणतेय ना मी कधीची.

वाड्याचा_वारस | १५ फेब्रुवारी, सकाळी १०:४५

अवांतर, पण महत्त्वाचं. घर एकट्याचं आहे का? आमचा वाडा चार हिश्श्यांत. मी रस्त्याकडच्या माझ्या दोन खिडक्या पांढऱ्या केल्या, तर चुलत्यांनी "दर्शनी भाग सामाईक आहे" म्हणून बोलणं सोडलं. खिडक्या पाच वर्षांच्या झाल्या, अबोलाही. बाहेरून रंग-रूप तेच ठेवून आतून काही करता येत असेल तर भावबंदकी वाचते.

कोनाडा | १५ फेब्रुवारी, दुपारी २:००

चुलत दीर बेंगळुरूला आहेत, हिस्सा आहे, पण "तुम्हीच राहता, तुम्ही ठरवा" म्हणतात. लेखी मागितलं तर हसले. मंडळ आभारी आहे, काय केलं ते कळवते.

कोनाडा | १४ जून, रात्री ९:०५

चार महिन्यांनी धागा वर काढतेय. नौतपा होऊन गेला, आता लिहायला हरकत नाही.

शेवटी अकरांपैकी दोनच बदलल्या, वरच्या एसीच्या खोलीतल्या, रस्त्याकडच्या. वरचा मजला विटांचा, तिथे दगडी चौकट नव्हती म्हणून काम सोपं. कप्प्याच्या, पांढऱ्या, लॅमिनेटेड एकेरी काच. १,२५० रुपये भावाने ३० चौरस फुटांचे ३७,५००, जीएसटी ६,७५०. बसवणं आणि चुन्याने भरणं ६,०००. पहिल्या दुकानदाराकडून नाही घेतल्या. लोखंडी पट्टीचा तुकडा दाखवा म्हटल्यावर त्याने फोन उचलणं बंद केलं.

आठ खिडक्या दुरुस्त केल्या. सुतार ११ दिवस, ९०० रोजाने ९,९००. त्याने सहा दिवसांचं काम सांगितलं होतं, मधल्या काळात त्याच्या मेहुण्याचं लग्न निघालं. बिजागऱ्या, कड्या, नऊ तावदानं, बोळाकडची नवी फळी, रबर, सगळं मिळून ९,४००. रंग १२,५००, सगळ्या कडांसकट. रंगाऱ्याला डोक्याच्या कडा रंगवायला लावताना त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ते विसरणार नाही. खालच्या पश्चिमेच्या दोन खिडक्यांना बाहेरून चिका, ३,६००. एकूण ८५,६५०. न्हाणीघराची खिडकी तशीच. गिझर बाहेर काढलं, तो खर्च वेगळा.

आता फायदा. वरची खोली खरंच शांत झाली, वरात जाते ती टीव्हीचा आवाज बंद करून बघितल्यासारखी. धूळही नाही. विजेचं म्हणाल तर मेचं बिल मागच्या मेपेक्षा थोडं कमी आलं, पण यंदा मुलगी परीक्षेमुळे पंधरा दिवस घरी नव्हती, त्यामुळे श्रेय कुणाला द्यायचं ते हिशेबनीसकाकांनी ठरवावं. खालच्या मजल्यावर मी एक उद्योग केला. पश्चिमेच्याच दोन सारख्या खोल्या, कूलर बंद, दारं मिटलेली. एकीला चीक सोडली, दुसरीची गुंडाळून ठेवली. संध्याकाळी पाचला तापमापीत तीन अंशांचा फरक. दारं आता एका बोटाने मिटतात, तेच मला जास्त नवल.

ज्यात फसलो तेही सांगते. दुरुस्त खिडक्यांतून आंधीची धूळ कमी झाली, थांबली नाही. चौकटीच्या दगडाला खालच्या कडेला बारीक खाच आहे, तिथे रबर टेकतच नाही. आणि नव्या खिडकीचं दार आत उघडतं, त्यामुळे पडद्याचा दांडा काढून छताला लावावा लागला. हे आधी कुणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं.

कूलर सासूबाईंच्या खिडकीत, जिथे होता तिथेच.

हिशेबनीस | १४ जून, रात्री ९:३०

मुलीचे पंधरा दिवस वजा करून दोन्ही मेची युनिटं पाठवा. रुपये नकोत, युनिटं.

सुतारपक्षी | १४ जून, रात्री ९:४४

खाचेत अळशीचं तेल आणि खडूची पूड मळून लांबी भरा, वाळली की पट्टी लावा. पाऊस लागायच्या आत.

गोठकर | १५ जून, सकाळी ६:१०

सुताराचा नंबर व्यनि (खासगी निरोप) करता का? आमच्या माडीच्या चार झडपा.

कोनाडा | १५ जून, सकाळी ८:२०

केला, काका. दहानंतरच फोन उचलतो. आणि घरात कुणाचं लग्न निघालंय का, ते आधी विचारून घ्या.